माजघराचं माप

म्हैस सुखरूप व्याली तर पाच सवाष्णींना पुरणपोळी घालीन, असा नवस अनुसयाबाई लक्ष्मीआईला बोलली होती. म्हैस व्याली, रेडी झाली. आता नवस फेडायचा होता.

त्याच गावात एक भोळा माणूस राहत होता. नाव केरबा. देवीच्या दयेनं तो अनुसयाबाईचाच नवरा होता.

जळणासाठी तिनं त्याला वखारीत धाडलं. वखारवाल्यानं वाकडीतिकडी लाकडं रचून थप्पी केली. लांबी, रुंदी, उंची काठीनं मोजली आणि गुणाकार केला. तेवढ्यात एक मांजर थप्पीतून आरपार गेलं. हे कसं, असं केरबानं विचारलं.

"मांजर मापात धरलेलं नाही," वखारवाला म्हणाला.

केरबाचं समाधान झालं.

घरी अनुसयाबाईनं तीच लाकडं नीट रचली. थप्पी निम्मीच भरली.

"अहो, फटीसुद्धा विकत आणल्यात की," ती म्हणाली. "फट दिसली की बुजवायची, मग मोजायचं."

दुसऱ्या दिवशी केरबा चूल पेटवायला बसला. लाकडांत फटी दिसल्या, त्या त्यानं शेणानं लिंपल्या. घरभर धूर झाला. अनुसयाबाईनं डोळे पुसत सांगितलं, की फटी ठेवाव्यात, वारा खेळला पाहिजे.

मग त्यानं कणगीत जोंधळा भरला आणि वारा खेळावा म्हणून कणगीला भोकं पाडली. चिमण्यांचा सण झाला. तिनं पुन्हा समजावलं, की साठवायची जागा तळापासून वरपर्यंत गच्च भरायची असते.

नवसाचा शुक्रवार आला. तिनं पाचजणींपुरतं पुरण शिजवलं. केरबाला म्हणाली, "आवतण देऊन या. माजघर लहान आहे, मावतील तेवढ्याच सांगा."

केरबानं काठी घेतली. माजघर आठ हात लांब, चार हात रुंद, पाच हात उंच. मग पोळ्या लाटणाऱ्या बायकोलाच दोरी लावली. एक बाई चार हात लांब, हातभर रुंद, हातभर जाड. बोटांवर हिशोब झाला आणि तो निघाला.

दुपारी दारात चाळीस सवाष्णी उभ्या राहिल्या. अनुसयाबाईच्या हातातलं लाटणं तसंच राहिलं.

"घाबरू नकोस," केरबा म्हणाला, "बरोबर मावतात. फक्त जाड्या बायका खालच्या थरात घे, म्हणजे थप्पी ढासळायची नाही."

बायका हसून हसून उंबऱ्यातच बसल्या. अनुसयाबाईनं देवीला हात जोडले आणि पोळीचा घास घास सगळ्यांच्या हातावर ठेवला. नवस फिटला, आठपटीनं.

बायांनो, तुम्हीही नवस फेडाल तेव्हा डाळ जरा जास्तच शिजत घाला. आवतण द्यायला घरातलं कोण गेलंय, सांगता येत नाही.