तांबीचा दाणा आणि धोंडूतात्याची मोटारसायकल

साल एकोणीसशे एक्याण्णव. पौष महिना. सकाळपासून आभाळ आलेलं. ऊन नाही. वारा गार, झोंबणारा.

धोंडूतात्याच्या शेडजवळून एक मुंगी चालली होती. तिचं नाव तांबी. तोंडात बाजरीचा एक दाणा. तुरु तुरु तुरु.

दाणा तिचा नव्हता. आजीमुंगीचा होता. पावसाळ्यात तांबीच्या घरात पाणी शिरलं. होतं नव्हतं ते वाहून गेलं. तेव्हा आजीमुंगीने तिला एक दाणा दिला. उसना दिला.

आता आजीमुंगी थकली. तिला चालवत नाही. तिच्या घरात एक दाणा उरला नाही. तांबी म्हणाली होती, आज आणून देते. अंधार पडायच्या आत देते. अंधार पडला की मुंग्यांचं दार बंद. मग आजी उपाशी.

तेवढ्यात शेडचं दार वाजलं. कर्र कर्र. धोंडूतात्याने जुनी मोटारसायकल बाहेर आणली. वर्षभर ती गोणपाटाखाली उभी होती. तात्या वर बसला. किक मारली. खस्स. खस्स. खस्स. इंजिन खोकलं. फट. फट. गाडी हातभर पुढे गेली. फुस्स. बंद पडली.

तांबी बाजूला पळाली. दाणा तोंडातून सुटला. चाक नेमकं दाण्यावर थांबलं. दाणा ओल्या मातीत रुतला.

तात्या उतरला. गाडी तिथेच सोडली. ओट्यावर जाऊन बसला.

तांबी चाकाजवळ गेली. तुरु तुरु तुरु.

"चाकदादा, चाकदादा, हल ना.
दाणा सुटेना.
आजीचं उसनं फिटेना."

चाक म्हणालं, "मी नाही हलणार. इंजिन बोलेल तर हलेन."

तांबी इंजिनाकडे गेली. तुरु तुरु तुरु. इंजिन गार पडलं होतं.

"इंजिनकाका, इंजिनकाका, बोल ना.
चाक हलेना.
दाणा सुटेना.
आजीचं उसनं फिटेना."

इंजिन म्हणालं, "मी नाही बोलणार. प्लग पेटवेल तर बोलेन."

प्लग इंजिनाच्या डोक्यावर बसतो. ठिणगी टाकतो. तांबी वर चढली. तुरु तुरु तुरु.

"प्लगभाऊ, प्लगभाऊ, पेटव ना.
इंजिन बोलेना.
चाक हलेना.
दाणा सुटेना.
आजीचं उसनं फिटेना."

प्लग म्हणाला, "ठिणगी आहे. पण पेटवू काय? पेट्रोलचा थेंब येत नाही. मी नाही पेटवणार. कार्बोरेटर पाजेल तर पेटवेन."

कार्बोरेटर म्हणजे एक लहान डबा. पेट्रोल आणि हवा कालवतो. इंजिनाला पाजतो. तांबी त्याच्यापाशी गेली. तुरु तुरु तुरु.

"कार्बोरेटरमामा, कार्बोरेटरमामा, पाज ना.
प्लग पेटवेना.
इंजिन बोलेना.
चाक हलेना.
दाणा सुटेना.
आजीचं उसनं फिटेना."

कार्बोरेटर म्हणाला, "माझं बारीक भोक बुजलं. पेट्रोल शिळं झालं, चिकट झालं, तिथे बसलं. मी नाही पाजणार. शिळं पेट्रोल निघेल तर पाजेन."

तांबी टाकीवर चढली. टाकी उंच. पाय घसरले. परत चढली. तुरु तुरु तुरु. आतून आंबूस वास येत होता.

"पेट्रोलआबा, पेट्रोलआबा, निघ ना.
कार्बोरेटर पाजेना.
प्लग पेटवेना.
इंजिन बोलेना.
चाक हलेना.
दाणा सुटेना.
आजीचं उसनं फिटेना."

पेट्रोल म्हणालं, "मला पाय आहेत का? मी नाही निघणार. तात्या काढेल तर निघेन."

आभाळ आणखी काळं झालं. दिवस उतरला. तांबी ओट्याकडे गेली. तुरु तुरु तुरु. तात्या गुडघा चोळत बसला होता.

"तात्या, तात्या, काढा ना.
पेट्रोल निघेना.
कार्बोरेटर पाजेना.
प्लग पेटवेना.
इंजिन बोलेना.
चाक हलेना.
दाणा सुटेना.
आजीचं उसनं फिटेना."

तात्या म्हणाला, "नुसतं काढून भागत नाही. कार्बोरेटर उघडावा लागतो. ते मिस्त्रीचं काम. मी नाही काढणार. मिस्त्री येईल तर काढेन."

मिस्त्री म्हणजे यासीन मिस्त्री. समोरच त्याचं दुकान. पण वर्षभर दोघं बोलत नव्हते. तात्याचा गुडघा मोडला, गाडी शेडमध्ये गेली. तेव्हा मिस्त्री म्हणाला होता, टाकी रिकामी करून ठेव. तात्या म्हणाला होता, चाळीस वर्षं गाडी चालवली, मला शिकवू नको. एवढंच झालं. तेव्हापासून समोरासमोर बसायचे आणि दुसरीकडे बघायचे.

तांबी रस्ता ओलांडून गेली. मुंगीला रस्ता फार मोठा. तुरु तुरु तुरु.

"मिस्त्रीचाचा, मिस्त्रीचाचा, या ना.
तात्या काढेना.
पेट्रोल निघेना.
कार्बोरेटर पाजेना.
प्लग पेटवेना.
इंजिन बोलेना.
चाक हलेना.
दाणा सुटेना.
आजीचं उसनं फिटेना."

मिस्त्री पाना पुसत होता. म्हणाला, "माझ्या दुकानाला कान आहेत. तात्याला तोंड आहे. मी नाही येणार. तात्या हाक मारील तर येईन."

तात्या म्हणतो, मिस्त्री येईल तर. मिस्त्री म्हणतो, तात्या हाक मारील तर. आता जायचं कुठे?

तांबी रस्त्याच्या मधोमध थांबली. हळूच म्हणाली,

"मिस्त्री येईना.
तात्या काढेना.
पेट्रोल निघेना.
कार्बोरेटर पाजेना.
प्लग पेटवेना.
इंजिन बोलेना.
चाक हलेना.
दाणा सुटेना.
आजीचं उसनं फिटेना."

ऐकायला कोणी नव्हतं. वारा होता, तो ऐकत नाही.

रडून दाणा सुटत नाही. तांबी ओट्याकडे गेली. तुरु तुरु तुरु. तात्याच्या पायावर चढली. अंगठ्याशी गेली. तोंड उघडलं.

आणि चावली. कडकडून चावली.

तात्या ओरडला. असा ओरडला की गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेलं. समोर मिस्त्रीच्या हातातला पाना पडला. ठण्ण. मिस्त्री उठला. रस्ता ओलांडून आला. तात्यापुढे उभा राहिला.

"हाक मारलीस?"

तात्याने अंगठा चोळला. गाडीकडे बघितलं. नाही म्हणता आलं असतं.

"मारली," तात्या म्हणाला. "टाकी भरलेली ठेवली. तुझं ऐकलं नाही."

मिस्त्री गाडीपाशी खाली बसला.

"बादली आण," तो म्हणाला.

मग तात्या काढू लागला.
शिळं पेट्रोल निघालं. भळ भळ भळ.
मिस्त्रीने कार्बोरेटर उघडला. बारीक तार घातली. फुंकर मारली. फू फू. भोक मोकळं झालं.
टाकीत ताजं पेट्रोल पडलं. गळ गळ गळ.
तात्याने किक मारली. खस्स. खस्स.
कार्बोरेटर पाजू लागला.
प्लग पेटवू लागला.
इंजिन बोललं. धड धड धड.
चाक हललं.
दाणा सुटला.

तांबीने मातीतून दाणा उपसला. त्याला चीर गेली होती. तिने तो तोंडात धरला. पळाली. तुरु तुरु तुरु तुरु.

अंधार पडत होता. मुंग्या दारावर माती लोटत होत्या. तांबी त्यांच्यातून आत शिरली. आजीमुंगी कोपऱ्यात पडून होती. तांबीने दाणा तिच्यापुढे ठेवला.

आजीने दाणा चाचपला. जवळ ओढला.

उसनं फिटलं.