उडी मारणाऱ्यांचे वंशज

एकदा एक शिष्य भर प्रवचनात एका व्यापाऱ्याच्या खांद्यावर चढून बसला.

विषय होता दोरी आणि साप. अज्ञानी माणसाला दोरीत साप दिसतो, ज्ञानी माणसाला दोरी ही दोरीच दिसते, हे तो फार सुंदर समजावत होता. दाखवायला विहिरीचा दोर त्यानेच आणून शेजारी ठेवला होता. बोलता बोलता त्याचा पाय दोराला लागला, दोर हलला, आणि पुढचं वाक्य त्याने वरून पूर्ण केलं.

व्यापारी नुसता ऐकायला आला नव्हता. त्याने एक पाठशाळा बांधली होती आणि तिथे या शिष्याला नेमावं की नाही, हे तो पाहत होता. शिष्य उतरल्यावर तो खांदा चोळत निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिष्य वळकटी घेऊन आचार्यांचा निरोप घ्यायला नदीवर गेला. पितृपक्ष चालू होता. आचार्य गुडघाभर पाण्यात तर्पण करत होते. वडील, आजोबा, पणजोबा, नावं घेऊन झाली. आता वर येतील असं शिष्याला वाटलं, पण त्यांनी पुन्हा ओंजळ भरली.

"झाडावर राहणाऱ्या आजोबांना." पाणी सोडलं. "शेपटी असलेल्या पणजीला." पाणी सोडलं. "आणि ज्याला पाण्यात करमेना, त्या माशाला."

"आचार्य, तब्येत बरी आहे ना?"

"उत्तम. फक्त इतक्या मागची नावं आठवत नाहीत. तू कुठे निघालास?"

"घरी. इतकी वर्षं वेदान्त शिकलो आणि ऐन वेळी माकडासारखा उडालो. मी कसला शिकवणार?"

आचार्य काठावर येऊन बसले. "अरे, फार पूर्वी गवत हललं की आपल्यातले काही जण उडी मारायचे. काही जण शांत बसून, हे काय असावं, याचा विचार करायचे. बहुतेक वेळा वाराच असायचा, म्हणून विचार करणारे बरोबर ठरायचे. एकदा वारा नव्हता. त्यांना पाणी द्यायला आज कोणी नाही. आपण उडी मारणाऱ्यांचे वंशज."

शिष्याचा चेहरा आणखी पडला. "म्हणजे हे मन सत्य बघायला घडलेलंच नाही. जीव वाचवायला घडलंय. मग या मनाने मिळवलेलं ज्ञान तरी खरं कशावरून?"

"खांद्यावर बसून तू काय केलंस?"

"वाकून खाली बघितलं."

"काय दिसलं?"

"दोर."

"कोणत्या डोळ्यांनी?"

शिष्याने नकळत डोळे चोळले.

"साप दाखवणारे डोळे तेच आणि दोर दाखवणारेही तेच," आचार्य म्हणाले. "दुसरी जोडी कोणालाच मिळालेली नाही. उडी पूर्वजांची आहे, तिची लाज कशाला? वाकून बघणं मात्र तुझं."

"पण तुम्ही तर जागचे हललासुद्धा नाहीत."

"मला दिसलंच नाही. चष्मा शेठजींच्या बुडाखाली होता."

इतक्यात शेठजीच आले. खांद्याला लेप लावलेला होता. त्यांनी वाकडा चष्मा आचार्यांच्या हातात ठेवला आणि शिष्याकडे वळले.

"पाठशाळेत कधी येताय?"

"मी? काल जे झालं त्यानंतर?"

"त्यामुळेच. आमची पाठशाळा ओढ्याकाठी आहे. वर्गात हटकून काहीतरी निघतं. आधीचे गुरुजी फार शांत होते, त्यांना काही दिसायचंच नाही. पोरं घाबरून यायची बंद झाली. आम्हाला आधी उडणारा आणि मग खाली बघून सांगणारा माणूस हवाय."

शिष्याने कित्येक तासांनी नीट श्वास घेतला. तो वळकटी उचलायला गेला आणि दचकून दोन पावलं मागे सरला. मग वाकून पाहिलं. वळकटी ज्याने बांधली होती तो दोर होता.

त्याने ती खांद्यावर टाकली आणि शेठजींच्या मागे चालू लागला. शेठजी जरा अंतर ठेवून चालत होते.