मुख्याधिकाऱ्यांना खटकलेला सिनेमा

बेल वाजली तरी दचकणारी शलाका नेमकी कॉलेजच्या फिल्म क्लबची सचिव होती. लाचखोर अधिकाऱ्यांवरचा जुना विनोदी सिनेमा उद्या नगरपरिषदेच्या सभागृहात दाखवायचा, म्हणून परवानगीसाठी ती रांगेतून मुख्याधिकाऱ्यांपुढे पोहोचली.

"हे बघ मुली," साहेब म्हणाले, "यातले सगळे अधिकारी एकाच साच्यातले. एक बाई नाही, आदिवासी नाही, गरिबाघरचा कुणी नाही. समाजाचं प्रतिनिधित्वच नाही, तर परवानगी कशी देऊ?"

"आहेत ना, सर. सगळे आहेत," शलाका कशीबशी पुटपुटली. "फक्त टेबलाच्या या बाजूला, अर्ज घेऊन उभे आहेत."

मागची रांग हसली. "मी तर चार महिने काम करतेय त्या सिनेमात," हातातला चुरगळलेला अर्ज दाखवत एक म्हातारी म्हणाली.

साहेबांनी अर्ज ओढून सही केली. जिंकलेली शलाका कागद घेताना तीनदा 'सॉरी सर' म्हणाली.