खेमा जागल्याची झोप

डोंगराच्या कुशीत पाखरवाडी नावाचं एक गाव होतं, आणि तिथली माणसं एकदा निजली की कानाशी ढोल बडवला तरी उठत नसत. कुंभार चाकापाशी बसल्या बसल्या पेंगायचा. पाटील जेवताना डुलक्या घ्यायचे, आणि पाटलीणबाई त्यांच्या मिशा आमटीत बुडू नयेत म्हणून ताट मागे ओढायच्या. तान्ही बाळं तर अंगाई अर्धी व्हायच्या आत गाढ. अख्ख्या गावात डोळ्याला डोळा लागत नव्हता तो एकट्या खेमाचा.

खेमा म्हणजे गोजराचा बाप. पूर्वी तो गावचा जागल्या होता, रात्रीचा पहारा करायचा. पुढे गावाला उंच तट बांधला गेला, पहाऱ्याची गरज उरली नाही, आणि खेमा शेळ्या राखू लागला. गोजराला आई नव्हती. नाकात घालायला चमकी नव्हती, म्हणून तिनं कडुनिंबाची इवलीशी काडी घातली होती, आणि ती तिला शोभूनही दिसायची. गरिबीचं तिला काही वाटत नसे. तिला वाटायचं ते बापाचं. रात्री ती कूस बदलायची तेव्हा बाप छपराकडे बघत असायचा, आणि पहाटे उठायची तेव्हाही बाप छपराकडेच बघत असायचा.

उपाय केले नाहीत असं नाही. जितकी तोंडं तितके उपाय. कुणी म्हणालं, दुधात जायफळ उगाळून द्या. दिलं. कुणी म्हणालं, खसखशीची खीर. कुणी म्हणालं, गाईचं नको, म्हशीचं दूध पाजा. गोजरा दररोज काशाची वाटी घेऊन बापाचे तळपाय घासायची, आणि गंमत अशी की घासता घासता तिलाच झोप यायची. एका बाबानं दंडाला ताईत बांधला, तो शेळीनं खाल्ला. त्या दिवशी शेळी मात्र छान झोपली.

हसायचे ते लोक हसायचे. "जागल्याच तो, जागणारच," म्हणायचे. पण एके दुपारी खेमानं गोजराच्या हातून ताकाचा वाडगा घेतला, तिच्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "कुनाची गं तू?"

गोजरा तशीच धावत रानापलीकडच्या वैद्यबुवांकडे गेली. बुवा म्हणाले, "झोपेवाचून माणूस आतून विझत जातो, बाळ. आधी हात थरथरतात, मग नावं विसरतात." त्याच्या पुढचं ते बोलले नाहीत. गोजरानं दिवसभर त्यांच्या मुळ्या कुटल्या, पानं निवडली, आणि त्या कष्टाच्या बदल्यात बुवांनी तिला ब्राह्मीच्या तेलाची एक चिमुकली बाटली दिली. हिरवंगार, पाचूसारखं तेल होतं ते. "माझ्याकडचा हा शेवटचा उपाय," ते म्हणाले.

बाटली पदराच्या गाठीत बांधून गोजरा रानातून परत निघाली तेव्हा सूर्य टेकला होता. आणि तेव्हा तिला ते दिसलं. वाटेवरची चिंच पानं मिटत होती. तिच्या मागची शिरीषाची झाडं मिटत होती. पायाखालची लाजाळूची झुडपं तर ओळीनं मिटत चालली होती, आणि प्रत्येक पान मिटताना त्याच्या टोकाला एक सोनेरी ठिणगी चमकून विझत होती. सगळं रान हळूहळू निजत होतं. गोजरा श्वास रोखून बघत राहिली. रोजची संध्याकाळ आणि रोजचं रान, पण तिनं हे कधी पाहिलंच नव्हतं.

मध्येच ठिणग्या थांबल्या. एका फणसाच्या बुंध्याकडून बारीकसा हुंदका ऐकू आला.

तिथं बोटभर उंचीची एक परी अडकली होती. तिचा झगा मोरपिशी, केस हळदुले, आणि डाळिंबी रंगाचे नाजूक पंख फणसाच्या चिकात पुरते चिकटले होते. "मी मिटुली," ती म्हणाली. "झाडांची पानं मी मिटवते. उरलेली झाडं ताटकळली आहेत गं, आणि मला हलताच येत नाही."

फणसाचा चीक तेलावाचून सुटत नाही, हे कोकणातलं शेंबडं पोरही जाणतं. गोजरानं पदराची गाठ चाचपली. बाटलीत तेल होतं मोजकंच, आणि घरी बाप होता. ती काही वेळ तशीच उभी राहिली. मग तिनं गाठ सोडली आणि बोटानं एकेक थेंब घेऊन ते इवलेसे पंख अलगद सोडवले. शेवटचा थेंब पंखाच्या शेवटच्या टोकाला लागला. बाटली रिकामी झाली आणि गोजराला रडू कोसळलं.

रडत रडत तिनं बापाचं सांगितलं, ते मिटुलीनं सगळं ऐकून घेतलं. मग ती गोजराच्या तळहातावर येऊन बसली. "एक इच्छा माग," ती म्हणाली. "पण झोप मागू नकोस. ती मला देता येत नाही. ती कुणाची चाकर नाही. पान मिटायला तयार असतं, तेव्हाच ते माझ्यानं मिटतं."

गोजरानं डोळे पुसले आणि बराच विचार केला. "मग मला एवढंच दिसू दे," ती म्हणाली, "की माझ्या बापाची झोप अडलीय कुठं."

मिटुलीचे डोळे लकाकले. "आजवर हे कुणी मागितलं नव्हतं." तिनं शिरीषाच्या फुलातले परागकण गोजराच्या पापण्यांना लावले. "उद्याचा सूर्य उगवेपर्यंत तुला झोप दिसेल. मात्र तिला हाक मारायची नाही, आणि हात लावायचा नाही. ओढायला गेलं की ती पळते."

गोजरा गावाच्या दरवाज्यातून आत आली आणि जागच्या जागी थबकली.

गल्ली झोपांनी भरली होती. दिवेलागणीला गुरं घरी परततात ना, तशा सगळ्यांच्या झोपा आपापल्या घरी चालल्या होत्या. मऊ, धुकट, मंद उजळलेल्या. बाळांच्या झोपा मांजराच्या पिल्लाएवढ्या, दुडुदुडु पळणाऱ्या, गुलाबी. कुंभाराची झोप मातकट रंगाची आणि गोलमटोल. पाटलांची तर एवढी अगडबंब की दारातून तिला तिरकं होऊन आत शिरावं लागलं. कुणाच्याही पावलांचा आवाज नव्हता. गोजराला वाटलं, रोज आपल्या डोळ्यांवर एवढी सुंदर वस्तू येऊन बसते आणि आपल्याला कधी ठाऊकच नव्हतं.

आणि तिच्या घराच्या अंगणात एक झोप एकटीच बसली होती. निळसर, हडकुळी, दवानं भिजलेली. अंगणातली माती तिच्या बसण्यानं खोलगट झाली होती. म्हणजे ती गेली नव्हतीच कुठं. इतकी वर्षं ती रोज आली होती.

गोजरा ओसरीवर गुपचूप बसली. आत खेमा पडला होता. निळी झोप उठली, उंबऱ्यापाशी गेली आणि तिनं एक पाऊल आत टाकलं.

"कोन हाय तिकडं?" खेमा ताडकन उठून बसला.

झोप घाबरून अंगणात पळाली. थोड्या वेळानं पुन्हा आली. पुन्हा खेमानं हटकलं, पुन्हा ती पळाली. गोजराचा जीव कळवळला. एकदा तर झोप इतक्या जवळून गेली की तिला धरून आत लोटावं असं वाटलं, पण तिनं दोन्ही हात काखेत दाबून धरले.

"बा," ती आत जाऊन म्हणाली, "तू कुनाला हटकतोस?"

"कुनी आत येतंय असं वाटतं बघ. जागल्यानं हटकायचं असतं."

"पन तू आता जागल्या न्हाईस ना, बा."

खेमा हळूच म्हणाला, "पहारा संपला की पाटील पहाटे यायचे. हातावर गुळाचा खडा ठेवायचे, म्हनायचे, 'गाव जागं झालं, आता तू नीज.' तो गूळ तोंडात पडल्याबिगर जागल्यानं पापनी टेकायची न्हाई, ही आमची रीत. ज्या रातीला तट पुरा झाला, त्या पहाटे समदं गाव नव्या दरवाज्याच्या पूजेला गेलं. माझ्याकडं कुनी आलंच न्हाई."

"मग तू सांगायचं न्हाईस व्हय?"

"गूळ मागून घ्यायचा नसतो, पोरी."

गोजराच्या आता लक्षात आलं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, तसं झालं होतं सगळं. जायफळ उगाळलं, ताईत बांधला, आणि या माणसाचा पहारा अजून सुटलेलाच नव्हता.

पूर्वेला पांढरं फुटू लागलं तशी ती पाटलांच्या वाड्याकडे धावली. त्यांना उठवायला तिला दार बडवावं लागलं, कडी वाजवावी लागली, शेवटी पाटलीणबाईंनी तोंडावर पाणी मारलं. गोजरानं धापा टाकत सगळं सांगितलं. पाटील ऐकत गेले तसा त्यांचा चेहरा उतरत गेला.

"माझ्या ध्यानातूनच गेलं गं," ते म्हणाले. "आम्ही तटाला हार घातला, अन् मानसाला इसरलो."

ते पागोटं न घालता, अनवाणीच निघाले. हातात गुळाचा खडा होता. खेमाच्या उंबऱ्यावर ते उभे राहिले आणि खेमा धडपडत उठला. पाटलांनी त्याचा थरथरता हात आपल्या हातात घेतला, त्यावर गूळ ठेवला.

"गाव जागं झालं, खेमा," ते म्हणाले. "लई उशीर झाला मला. आता तू नीज."

खेमानं गूळ तोंडात घातला. त्याच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि तो ते पुसतही नव्हता. तो आडवा झाला. निळी झोप उंबऱ्यापाशी आली, थांबली, वाट पाहत राहिली. कुणी हटकलं नाही. तिनं एक पाऊल आत टाकलं, मग दुसरं. गोजरानं पाहिलं, त्या हडकुळ्या झोपेला आत येता येता रंग चढत गेला, जांभळा, मोरपंखी, आणि ती दुधावरच्या सायीसारखी खेमाच्या अंगावर पसरली. त्याच्या पापण्या मिटल्या.

त्याच क्षणी डोंगरामागून सूर्य वर आला. अंगणाबाहेरची चिंच पान पान करून उघडू लागली आणि प्रत्येक पानातून सोनं उडू लागलं. त्या सोन्यात मिटुली उभी होती.

"मी तर फक्त दाखवलं," ती म्हणाली. "बाटली तू रिकामी केलीस, हातही तूच आवरलेस. या घरातून झोप आता कधी उपाशी परत जायची नाही." तिनं डाळिंबी पंख पसरले. ते आरपार उजळले, अंगण लख्ख झालं, आणि उजेड जरा निवला तेव्हा तिथं कोवळं ऊन होतं, परी नव्हती.

खेमा झोपला. दुपार झाली, शेळ्या ओरडल्या, गल्लीतली बायामाणसं घागरी घेऊन चवड्यांवर चालत गेली. ऊन कलंडलं तरी तो झोपलेलाच. गोजरानं भाकरी भाजली, ती निवली. शेवटी ती बापाजवळ जाऊन बसली आणि त्याच्या खांद्याला हात लावला. तिनं बापाला असं कधीच उठवलं नव्हतं. तशी वेळच आली नव्हती.

"बा," ती म्हणाली, "ऊठ की, भाकरी निवली."

खेमानं डोळे न उघडता कूस बदलली आणि घोंगडी डोक्यावरून ओढून घेतली.

"थोडं निजू दे गं, गोजरे," तो म्हणाला.