मानाचा लगाम आणि मोरणी घोडी

फार जुनी गोष्ट आहे. घोड्यांना माणसांशी बोलायचा अजून कंटाळा आला नव्हता, तेव्हाची. डोंगरांच्या मधोमध एक लहानसं राज्य होतं, आणि त्या राज्यातले घोडे नुसते पळत नसत, चाल दाखवत.

दर वर्षी शरद ऋतूत राजवाड्यासमोरच्या मऊ मातीच्या मैदानावर चालीचा सोहळा होई. घोड्याने तिरकं चालायचं, वळायचं, थांबायचं, जागच्या जागी ठेका धरायचा. स्वाराने मात्र चाबूक उगारायचा नाही की तोंडातून शब्द काढायचा नाही. जे सांगायचं ते बैठकीच्या तोलाने आणि बोटांनी. लगामाच्या पट्ट्यांतून ते घोड्याच्या तोंडापर्यंत पोचलं पाहिजे.

त्या राज्यात एक रीत होती. घोडेस्वारी शिकवणारा वस्ताद थकला की तो आपला लगाम आपल्या लाडक्या शिष्याच्या हाती देई. त्याला मानाचा लगाम म्हणत. तो बाजूला ठेवणं म्हणजे वस्तादालाच बाजूला ठेवणं, असं सगळे समजत.

एका वर्षी राज्यातल्या सर्वांत मोठ्या वस्तादाने आपला लगाम एका तरुण शिष्येला दिला. वस्तादाचे पंजे सुपासारखे रुंद होते आणि लगामही तसाच होता. रुंद, गुळगुळीत, रेशमी पट्टे आणि वर भरगच्च जर. शिष्येने तो डोळ्यांना लावला. तिला रडू आलं, इतका आनंद झाला.

पण तिचे हात लहान होते आणि मनावर दडपण आलं की तळव्यांना घाम फुटे. मोरणी नावाच्या घोडीवर ती सरावाला बसली की रेशमी पट्टे बोटांतून सरकत. मग तिने तेच केलं, जे त्या राज्यातले सगळे स्वार करत. पट्ट्याचा वेढा पंजाभोवती घेतला. याला तिथे ‘पक्का हात’ म्हणत आणि त्याचं फार कौतुक करत.

पट्टा आता सरकेना. पण वेढ्यात बोटंही अडकली. जिथे करंगळी हलवून भागलं असतं, तिथे अख्ख्या हाताचा हिसका बसू लागला. मोरणी मान झटकू लागली.

राजाच्या पागेवर एक दरोगा होता. त्याने कुंपणाबाहेरून हे पाहिलं.

“घोडी तोंडाची कठीण झालीय, लगामाला दाद देत नाही,” तो म्हणाला. “सोहळ्यात मान झटकली, तर तिला चुना मळायच्या घाणीला जुंपा. डोळ्यांना झापडं बांधून गोल फिरवली, की कुठलीही घोडी शहाणी होते.”

शिष्या मोरणीवरून खाली उतरली. पागेत येऊन ती मोरणीच्या ओठांच्या कडांना तूप लावू लागली. कडा सोलून निघाल्या होत्या.

“का गं ऐकत नाहीस माझं?” ती म्हणाली. “मी तुला शिंगरू असल्यापासून वाढवलंय.”

“तू काही बोलतेस कुठे?” मोरणी म्हणाली. “नुसती ओरडतेस.”

“मी? मी तर तोंडही उघडत नाही!”

“हाताने ओरडतेस. तुझं सगळं लक्ष पट्टा निसटू नये याकडे. तू पट्ट्याला धरून बसलेली असतेस, मला नाही. तळवा दाखव बघू.”

शिष्येने तळवा पुढे केला. त्यावर लाल वळ उठले होते.

“बघ,” मोरणी म्हणाली. “पट्टा एकच आहे. एका टोकाला तू, दुसऱ्या टोकाला मी. दोन्हीकडे सारखंच सोललंय.”

शिष्या तशीच उठली आणि लगाम बनवणाऱ्या जीनगराच्या दुकानात गेली. जीनगर गप्पिष्ट होता. त्याने लगेच एक मोरपंखी रंगाचा लगाम काढला.

“हा बघा ताई. राजाच्या सज्जातूनही ओळखू येईल!”

“राजाला दिसेल हो. मला धरता येईल का?”

“धरायचं काय त्यात? लगाम आहे, साप थोडाच आहे!”

शिष्येने तांब्याभर पाणी मागितलं आणि दोन्ही तळवे भिजवले.

“अहो, अहो! नवा माल आहे,” जीनगर ओरडला.

“सोहळ्यात माझे हात असेच ओले असतात. कोरड्या हाताने निवडला, तर तो तुमच्या दुकानापुरताच चांगला.”

मोरपंखी लगाम मासळीसारखा सटकला. सुताची पीळदार दोरी पकडीत छान बसली, पण थोडा वेळ ओढून धरली तशी बोटांच्या बेचक्यांत काचू लागली. कापूस भरलेला गुबगुबीत पट्टा होता, त्यावर मूठच मिटेना. शेवटी तिचं लक्ष खुंटीवरच्या एका साध्या लगामाकडे गेलं. खाटेच्या नवारीसारखा घट्ट विणलेला सुती पट्टा, रुंदीला बोटभर. थोड्या थोड्या अंतरावर चामड्याच्या आडव्या पट्ट्या शिवलेल्या. तिने डोळे मिटून तो धरला. चामड्यापाशी बोटं आपोआप थांबली. आवळावं लागलं नाही.

“हाच घ्यायचा?” जीनगराचा चेहरा पडला.

“आधी मोरणीवर बसून बघते. जमिनीवर उभं राहून काय कळणार?”

ती बसून आली आणि मग तोच लगाम खांद्यावर टाकून वस्तादाच्या घरी गेली. वस्ताद अंगणात बसला होता. त्याने खांद्यावरच्या पट्ट्याकडे पाहिलं.

“माझा कुठाय?”

“पेटीत ठेवलाय, वस्ताद. मऊ कापडात गुंडाळून.”

“मेलो नाही अजून मी, गुंडाळून ठेवायला!”

“वस्ताद, तो तुमच्या पंजाला शोभतो. माझ्या हातात तो सरकतो. सरकला की मी वेढा घेते आणि वेढा घेतला की मोरणीच्या तोंडाला लागतं.”

“माझ्या वस्तादाचा लगाम तो. मी कधी कुरकुर केली का?”

“तुम्हाला कधी काचलाच नाही?”

वस्ताद आपल्या तळव्यांकडे बघत राहिला. “पहिली काही वर्षं हात सोलून निघायचे,” तो हळूच म्हणाला. “वाटायचं, मान म्हटला की एवढं सोसायचंच.”

“आणि घोडा?”

वस्तादाने तळवे मिटून घेतले. तो म्हणाला, “लोक हसतील तुला.”

“हसू देत. मोरणी घाणीला लागली, तर त्यांच्या हसण्याचं मला काय!”

वस्तादाने तोंड फिरवलं. शिष्या त्याच्या पाया पडून निघून आली.

सोहळ्याच्या दिवशी मैदान माणसांनी फुललं. नवारीचा लगाम पाहून कोणीतरी ओरडलं, “अगं, खाट विणायला निघालीस का?” हशा पिकला. मैदानाच्या कडेला घाणीवाला झापडं हातात घेऊन उभा होता. वस्तादाचं आसन रिकामं होतं.

शिष्येच्या तळव्यांना घाम फुटला. पट्टा मात्र जागचा हलला नाही. मोरणी तिरकी चालली, वळली, थांबली. एवढ्यात वाऱ्याने एक निशाण फाटलं आणि फडफडत तिच्या पायांपुढे येऊन पडलं. मोरणीने मान वर घेतली. बघणाऱ्या स्वारांच्या मुठी आपोआप आवळल्या. शिष्येने फक्त बोटं मिटली आणि पुन्हा सैल केली. जवळ बसलेलं माणूस हातावर हात ठेवतं, तेवढंच. मोरणीने श्वास सोडला, मान खाली घेतली आणि निशाणाशेजारीच ठेका धरला.

हसणारे टाचा उंचावून बघू लागले. दरोग्याने घाणीवाल्याला हातानेच जायला सांगितलं.

तेव्हा गर्दीतून वस्ताद पुढे आला. आसन सोडून तो सगळ्यांच्या मागे उभा राहिला होता. त्याने मोरणीचा ओठ हलकेच उचलून पाहिला.

“दुखलं का गं?” त्याने विचारलं.

“नाही,” मोरणी म्हणाली. “आज नीट ऐकू आलं.”

वस्तादाने तिच्या कपाळावरून हात फिरवला. “इतके घोडे तयार केले,” तो म्हणाला, “आणि हे विचारायचं राहूनच गेलं.”

पुढच्या वर्षापासून वस्ताद शिष्यांना लगाम देईनासे झाले. ते आशीर्वाद देत. लगाम ज्याचा त्याने, घोड्यावर बसून, हात ओले करून निवडायचा, अशी नवी रीत पडली. आणि चुन्याच्या घाणीला त्या राज्यातली घोडी पुन्हा कधी जुंपली गेली नाही.

बाळांनो, आणि मोठ्यांनो तुम्हीसुद्धा, एवढं ध्यानात ठेवा: साधन आपल्या हाताला सोसेल असं निवडावं, कारण ते सांभाळण्यातच हात गुंतला, तर दुसऱ्या टोकाला कोण कळवळतंय ते त्याला कळत नाही.