राखलेलं कुरण

फार मागे, वेत्रपुरात जितारी राजा राज्य करीत असताना, बोधिसत्त्व एका गावाच्या कुरणाचा राखणदार होऊन जन्माला आला. राजपुत्र नव्हे, हत्ती नव्हे, साधा राखणदार. नाव रक्षित.

गवत राखण्यात काय मोठंसं, असं तुम्ही म्हणाल. राखून बघा एकदा! त्या गावचा नियम कडक होता. पवन्या आणि मारवेल ही गवतं पिकून त्यांचं बी जमिनीवर झडेपर्यंत कुरणात एक जनावर शिरायचं नाही, एक विळा चालायचा नाही. शेजारच्या गावानं एका वर्षी भुकेपोटी घाई केली. बी पडलंच नाही. पुढच्या वर्षी तिथं नुसतं टाकळ्याचं तण माजलं आणि माणसं गुरं घेऊन परागंदा झाली.

रक्षितच्या घरी मुलगी चंपिका आणि म्हातारी गाय भुरी, एवढीच माणसं. होय, भुरी माणसातच धरायची. चंपिकाची आई बाळंतपणात गेली तेव्हा भुरीच्या दुधावर ती पोर जगली होती.

त्या वर्षी पावसानं दगा दिला. कुरण ओढ्याकाठचं, म्हणून तिथं गवत कसंबसं आलं. बाहेर सगळा फुफाटा. गावानं झाडांचा पाला ओरबाडला, छपरं उतरवून त्यांचं गवत गुरांना घातलं. रक्षितनंही आपलं छप्पर उतरवलं. पण भुरीचे दात झिजलेले. तिला ते वाळकं चावेना. ती दिवसभर कुरणाच्या कुंपणाला मान टेकून उभी राहायची आणि आत बघायची.

एक दिवस शेजारचा नंदिक रक्षितकडे आला. आठवड्यापूर्वीच नंदिकचं वासरू उपाशी मेलं होतं, आणि रक्षितनं त्याला मूठभर गवत नाकारलं होतं.

"रक्षिता, भुरीसाठी एक पेंढी काप," नंदिक म्हणाला. "मी सगळ्यांशी बोललोय. कुणी ब्र काढणार नाही. पोरीकडे तरी बघ."

"तुझ्या वासराला मी नाही म्हणालो होतो ना रे?"

"गेलं ते गेलं. मी मनात ठेवलं नाही."

"तू नाही ठेवलंस. पण आज मी कापलं, तर उद्या ज्याची म्हैस आडवी पडेल त्याला कोणत्या तोंडानं अडवू?"

नंदिक डोळे पुसत निघून गेला. चंपिका दारात उभी राहून सगळं ऐकत होती. तिनं बापाचे पाय धरले. "बाबा, एकच पेंढी. पुन्हा आयुष्यात काही मागणार नाही."

रक्षित विळा घेऊन कुंपणापर्यंत गेलाही. तिथं त्यानं गवताचा एक तुरा तळहातावर चोळून पाहिला. बी अजून कच्चंच होतं. तो परत फिरला.

पाचव्या दिवशी सकाळी भुरी कुंपणाशी पडली ती उठलीच नाही. गवत तिच्या तोंडापासून हातभर लांब होतं. तिचं डोकं मांडीवर घेऊन रक्षित लहान मुलासारखा रडला.

पुढं नऊ दिवसांत बी झडलं आणि कुरण उघडलं. हाडांचे सापळे झालेली गुरं आत शिरली आणि हळूहळू तरतरीत दिसू लागली. गाव वाचलं. लोक रक्षितच्या पाया पडायला आले, तेव्हा चंपिकानं एवढंच विचारलं, "बाबा, गवत सगळ्यांना पुरलं?"

खोटं बोलणं त्याला जमत नव्हतं. "पुरलं," तो म्हणाला. "थोडं उरलंसुद्धा."

त्यानंतर ती जन्मभर बापाशी बोलली नाही.

एवढं सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा नंदिक म्हणजे आजचा वडीलधारा भिक्षू, स्थविर सोमक. चंपिका आज थेरी वासुला ही भिक्षुणी होऊन इथेच बसली आहे. रक्षित मी होतो."

"आणि भुरी?" कुणीतरी विचारलं.

शास्ते म्हणाले, "या जन्मी ती माझी आई झाली. मी सात दिवसांचा असताना गेली. तिच्यासाठी काही करणं याही खेपेला माझ्याकडून झालं नाही. समभाव म्हणतात तो हा, भिक्षूंनो. आपल्याला आणि परक्याला एकच माप लावायचं. पण त्यानं दुखत नाही असं कुणी सांगितलं, तर विश्वास ठेवू नका."