पहिला डाव जिंकू द्यायचा

“म्हंजे तुमीबी म्हनता, किल्ली शिरपालाच द्यावी?”

जालिंदरनं हे तिसऱ्यांदा विचारलं.

गोदाआक्का चिंच फोडत होती. बार्शीबाहेरच्या त्या एकखणी मठात ती चाळीस वर्षं राहत होती. पोटापुरती चिंच फोडायची आणि दारात येईल त्याला सुनावायची. गावातली भलीभली तिच्या तोंडाला टरकून असत.

“मी कुठं काय म्हनले? कुलूप तुझं, किल्ली तुझी.”

किल्ली जालिंदरच्या गळ्यात होती, काळ्या दोऱ्यात. बेघरांसाठी भांडून-भांडून त्यानं बाजारामागं निवारा उभा केला होता. तिथल्या साठ जणांची रेशन कार्डं, आधार कार्डं, निराधार पेन्शनचे कागद एका लोखंडी पेटीत असत. रस्त्यावरच्या माणसाचा कागद गेला की माणूसच गेला म्हणायचा.

उद्यापासून जालिंदर सोलापुरात उपोषणाला बसणार होता. आणि गुरुवारी इकडं पेन्शनची तपासणी. जो कागद दाखवणार नाही, त्याचं नाव कटणार. पेटी उघडायला कुणीतरी हवं. निवाऱ्यातल्या बायका एका तोंडानं म्हणाल्या, शिरपा!

शिरपा म्हणजे जालिंदरचा जुना जोडीदार. मिसरूड फुटायच्या आधीच दोघांनी स्टँडवर उलट्या खोक्यावर तीन पत्त्यांचा खेळ मांडला होता. जालिंदर पत्ते फिरवायचा. शिरपा गर्दीत खोटं गिऱ्हाईक होऊन उभा राहायचा. पुढं खिसे आले, मग सुरा आला, आणि सुऱ्यामागून तुरुंग आलाच. जालिंदर एकवीस वर्षांमागं सुटला आणि माणसात आला. शिरपाचं आत-बाहेर चालूच राहिलं. सात महिन्यांमागं सुटला तो थेट निवाऱ्याच्या दारात येऊन उभा राहिला.

“काय चोरलं त्यानं?” आक्कानं विचारलं.

“काईच न्हाई. त्याचीच तर भीती हाय.”

हातोडी थांबली.

“परवा मी मुद्दाम घड्याळ काढून धुन्याच्या दगडावर सोडलं. गडी स्टँडपतुर पळत आला. धापा टाकत मनगटात बांधून गेला.”

“मग?”

“मग काय मग! आक्का, आमच्या धंद्यात पयला डाव गिऱ्हाइकाला जिंकू देत्यात. त्याला वाटलं पायजे, मानूस साधा हाय. घड्याळ म्हंजे पयला डाव. डोळा पेटीवर हाय त्याचा. साठ मानसांच्या आधार कार्डावर काय काय उचलता येतं, तुमाला कल्पना न्हाई.”

जालिंदर भिंतीला टेकला. चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक. बायकांना शिरपाचं गोड बोलणं दिसत होतं, त्याला त्यामागचा हात दिसत होता. या नजरेचा त्याला अभिमान होता, आणि का नसावा? ती त्यानं मार खाऊन कमावली होती.



आक्कानं त्याच्या गुडघ्याशी असलेला पितळी तांब्या उचलला आणि आपल्या पलीकडं ठेवला. मग चष्म्याचं घर उचललं. मग पानाची चंची कमरेला खोचली. शेवटी चिंचेची पाटीही खर्रकन आपल्याकडं ओढून घेतली.

“आक्का, हे काय?”

“तुला किती वर्सं झाली सुटून?”

“एकवीस.”

“मी म्हातारी बाई. मला काय ठाव, तुझा पयला डाव कवा संपतोय!”

जालिंदरच्या कानशिलात बसली जणू. तो ताडकन उठला.

“एकवीस वर्सं पोलिसांच्या काठ्या खाल्ल्या मी ह्या लोकांपायी! बायको सोडून गेली. भर सभेत सांगतो, मी चोर होतो म्हनून. काईएक लपवत न्हाई. लोकं रडत्यात ऐकून!”

“रडत्यात ना? लोकं रडली की तुझ्या पोटात थंडावा पडतो.”

“आक्का!”

“वरडू नगं. चिंचेला बहिरेपन न्हाई आलं.”

तो दारापर्यंत गेला. तिथून परत आला. चौकटीला धरून उभा राहिला.

“एक गोष्ट सभेत सांगत न्हाई मी…”

आक्कानं हातोडी उचलली. टक्. एक चिंच फुटली.

“सुरा चालला त्या वक्ती आमी दोघंबी पळालो हुतो. मी आधी घावलो. ठान्यात दोन पट्टे बसले आन् मी शिरपाचं घर दाखवलं. माझी शिक्षा निम्मी झाली. त्याला सात वर्सं लागली.”

टक्.

“त्याला ठाव हाय?”

“कुनाला ठाव! सात म्हैने झाले, एका शब्दानं बोलला न्हाई. हसतो, ताट वाढून देतो. रात्री कूस बदलली की वाटतं, ह्याला सगळं ठाव हाय. किल्ली हातात पडली की वसूल करंल. आन् ठाव नसंल तर…”

काहीच ठाऊक नसलेल्या शिरपाकडं बघणं त्याला जास्त अवघड जात होतं.

आक्का चिंचोके वेगळे करत राहिली. बाहेर कुणाची तरी शेळी ओरडत होती.

जालिंदर खाली बसला. दोरा गळ्यातून काढला. किल्ली मुठीत धरली, सोडली, पुन्हा धरली.

“आक्का, खरं सांगा. मी सुटून पयल्यांदा तुमच्याकडं आलो, त्याच सांजंला तुमी मठाची किल्ली माझ्या हातात दिली. अंगावर जेलचा वास हुता माझ्या. काय बघितलं तुमी माझ्यात? कशावर इस्वास ठिवला?”

आक्कानं चष्म्यावरून त्याच्याकडं पाहिलं.

“इस्वास? कुनी ठिवला? माझं गुडघं दुखत हुतं. सारखं दार उघडायला कोन उठंल?”